शिट्टीमामाच्या जावयाचा भाव

सोफे-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या तोंडात दिवसभर बारीक खिळे असतात. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून ते ओठांत. शिट्टीमामाने सगळा जन्म असा खिळे चावत काढला, आणि त्यामुळे दुकानात येऊन बसणाऱ्यांची फार सोय झाली. बोलणारे बोलत राहायचे आणि मामा नुसता ‘हं’ करायचा. असा ऐकणारा फुकटात मिळाल्यावर घरी कोण जाईल?

दुकान फुटबॉलच्या मैदानाच्या मागच्या गल्लीत. दारातून आत गेलं की लोकांचे सोफे उघडेवाघडे पडलेले, कुणाच्या स्प्रिंगा वर आलेल्या, कुणाचा काथ्या लोंबतोय, कुणाची पाठ काढून भिंतीला टेकवलेली. त्या पसाऱ्यातच क्लबाचे चाहते बैठक मारायचे. बस ड्रायव्हरला हात नसलेली आरामखुर्ची, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला खिडकीजवळचं स्टूल, आणि रिटायर झालेले मास्तर जे काय नीट बसवलेलं असेल त्यावर, कारण त्यांची कंबर नाजूक. आणि एका लांब सोफ्यावर, दुपारची, मामाची नात झोपलेली. चार वर्षांची पोर. हातोडीच्या ठोक्यांत ती झोपायची आणि ठोके थांबले की जागी व्हायची.

आता मामाला शिट्टीमामा का म्हणायचे ते सांगायला हवं. तोंडात दोन बोटं घालून तो अशी शिट्टी मारायचा की पलीकडच्या गोलकीपरने वळून बघावं. त्याच्या दोन शिट्ट्या होत्या. एक चढत जाणारी, ती आपल्या माणसांसाठी. दुसरी खाली घसरत येणारी, ती समोरच्या टीमसाठी आणि रेफ्रीसाठी. तरुणपणापासून तो पूर्वेच्या स्टँडमध्ये त्याच कठड्याशी उभा राहायचा आणि तो शिट्टी मारेल तशी अख्खी स्टँड मारायची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. पण मामाच्या आधी कुणी शिट्टी मारली तर शेजारचा कोपराने ढोसायचा, की थांब, मामाला बघू दे. आणि आपल्या खेळाडूवर घसरती शिट्टी? मामाने ती कधी मारली नव्हती. एकदा आपल्याच बॅकने आपल्याच जाळ्यात बॉल घातला, तेव्हासुद्धा त्याने डोळे मिटून चढती मारली होती.

जावई त्याच क्लबाचा. डावऱ्या पायाचा, म्हणून सगळे त्याला डावराच म्हणायचे, घरातसुद्धा. अर्ध्या चड्डीत मैदानावर बॉल आणून द्यायचा तेव्हापासून मामाच्या डोळ्यांसमोर वाढलेला. मामाच्या एकुलत्या एका मुलीने त्याच्याशी लग्न केलं तेव्हा मामाला वाटलं, आता काही मागायचं उरलं नाही. मुलगी दोन गल्ल्या सोडून राहायला. नात दुकानात. जावई मैदानावर. सगळं कसं हाकेच्या अंतरावर.

आणि मग राजधानीच्या मोठ्या क्लबाने डावऱ्याला मागणी घातली.

खेळाडू विकण्या-घेण्याची एक मुदत असते, तिला हे लोक खिडकी म्हणतात. ती खिडकी उघडली की मामाच्या दुकानात बाजार भरायचा. ज्यांना घरची भाजी नीट घेता येत नाही ते माणसांचे भाव करायला बसायचे.

‘‘विका,’’ औषधवाला म्हणाला. ‘‘मागणी आहे तोवर विका. उद्या गुडघा गेला की कुत्रं विचारणार नाही.’’

‘‘तुझं बरं आहे रे, बाटलीवर तारीख छापलेली असते,’’ ड्रायव्हर म्हणाला. ‘‘माणसावर कुठे छापलेली असते?’’

‘‘असते की. तिशी.’’

‘‘मग तुझी तर कधीच उलटून गेली. तुला अजून कसं ठेवलंय बायकोने?’’

मास्तरांनी घसा साफ केला. ‘‘चूक आपल्या क्लबाच्या चिटणीसाची आहे. पहिल्या आकड्याला मान हलवायचीच नसते. समोरच्याला घाम फुटू द्यायचा. खिडकी बंद होण्याच्या शेवटच्या तासाला बघा, तेच दुप्पट देतील.’’

‘‘मास्तर, घर विकताना तुम्ही असंच ताणलंत ना?’’

‘‘हो. मग?’’

‘‘मग काही नाही. अजून त्याच घरात राहताय.’’

‘‘घराचा विषय वेगळा,’’ मास्तर म्हणाले आणि कंबर सावरून बसले.

औषधवाला बोटांवर मोजायला लागला. डावऱ्याच्या पैशात स्टँडचं छप्पर होईल, बरा गोलकीपर येईल, वर एखादा तरुण पोरगा. ड्रायव्हर भडकला. ‘‘छप्पर घालून त्याच्या खाली काय करायचं? एकमेकांची तोंडं बघायची? चांगला खेळाडू आला की विकायचा, चांगला आला की विकायचा. क्लब आहे का गुरांचा बाजार?’’

मामाचे ठोके चालू होते, पण एक खिळा दोनदा वाकडा गेला. त्यामागचं कारण या तिघांना कुठून कळणार? मुलगी कालच येऊन सांगून गेली होती. डावऱ्याला जायचंय. तिलाही जायचंय. तिकडे घर मिळेल, पोरीला शाळा चांगली मिळेल. ‘‘बाबा, तुम्ही खूश नाही का?’’ तिने विचारलं होतं, आणि मामा म्हणाला होता, ‘‘खूश का नसेन?’’ मग रात्रीचं जेवण त्याला गेलं नव्हतं. बायको म्हणाली, ‘‘अहो, लेक काय परदेशी चालली का?’’ तर तिच्यावरच खेकसला होता.

तर मामाने ओठांतले खिळे काढून तळहातावर घेतले. तिघांनीही माना वळवल्या, कारण असं क्वचित व्हायचं.

‘‘मी जुना सोफा विकत घ्यायला जातो तेव्हा काय करतो?’’ मामाने विचारलं.

हे सगळ्यांना माहीत होतं, कारण ते बघायला ड्रायव्हर मुद्दाम बरोबर जायचा. मामा आधी सोफ्याकडे बघायचाच नाही. मग सोफ्याचा हात दाबून बघायचा आणि सुस्कारा टाकायचा. मग वास घ्यायचा. मग पायाशी उकिडवा बसून लाकडावर नख मारायचा आणि ‘‘अरे अरे’’ म्हणायचा, बस, एवढंच. त्या घरच्या बाईला स्वतःच्याच सोफ्याची लाज वाटायला लागायची. इतकी वर्षं त्यावर पाहुणे बसवलेले, पण शेवटी तीच म्हणायची, न्या हो एकदाचा, द्या काय द्यायचं ते.

‘‘मोठ्या क्लबाचा माणूस पुढच्या मॅचला येतोय,’’ मामा म्हणाला. ‘‘तो टोपीवाला. मागच्या खेपेला आला होता तो. त्याच्या कानावर काय पडायला हवं? आपण कौतुक करतो, म्हणून भाव चढतो. घरच्याच लोकांना माल नकोसा झालाय असं दिसलं तर तो घेईल का?’’

‘‘म्हणजे आपणच आपल्या माणसाला नावं ठेवायची?’’ ड्रायव्हरने आ वासला.

‘‘टोपीवाला आहे तोवर. मग खिडकी बंद. डावरा आपल्याकडे.’’

औषधवाला खरं तर विकायच्या बाजूचा, पण युक्ती ऐकून त्याचेही डोळे चमकले. चाहत्यांचं असंच असतं. जन्मभर नुसतं ओरडायचं, ऐकायचं कुणी नाही, आणि एके दिवशी कुणीतरी सांगतं की तुमच्या ओरडण्याने सौदा मोडेल. मग कसलं भान राहतंय?

मास्तरांनी तेवढं विचारलं, ‘‘बाकीच्या स्टँडला सांगायचं का?’’

‘‘सांगितलं तर संध्याकाळपर्यंत टोपीवाल्याला कळेल.’’

‘‘आणि डावऱ्याला?’’

मामाने खिळे परत तोंडात टाकले.

मॅचच्या दिवशी टोपीवाला अधिकाऱ्यांच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. ऊन होतं, तरी टोपी काढली नाही. सुरुवातीलाच डावऱ्याकडे बॉल आला. त्याने एकाला चकवलं, दुसऱ्यापाशी किंचित अडखळला, बॉल गेला. तेवढं पुरे होतं. मामाने बोटं तोंडात घातली आणि घसरती मारली.

स्टँड गप्प. अशी गप्प की लाईनमनचे बूट ऐकू आले. लोक वळून मामाकडे बघायला लागले. मामाने पुन्हा मारली. मग ड्रायव्हरने मारली, औषधवाल्याने मारली, मास्तरांना शिट्टी येत नव्हती म्हणून ते ‘‘ऊऽऽ’’ करून ओरडले. आणि मग हळूहळू, आधी दबकत, नंतर मोकळ्या तोंडाने, सगळी स्टँड सुरू झाली.

डावऱ्याने आवाजाच्या दिशेने पाहिलं. त्याला वाटलं, रेफ्रीने काहीतरी दिलं असेल. पुढच्या वेळी बॉल आला आणि पुन्हा तेच झालं, तेव्हा त्याला कळलं. मध्यंतरानंतर तो बॉल मागेनासाच झाला. ज्याच्या पायात बॉल द्या म्हणून टीम धडपडायची, तो दुसऱ्यांच्या पाठीमागे उभा राहायला लागला. शेवटी त्याला बदललं. तो बाहेर येताना सगळ्यांत मोठा आवाज झाला, आणि त्यात मामा नव्हता. त्याची बोटं केव्हाच खिशात गेली होती. पण आता त्याच्याकडे बघायची कुणाला गरज नव्हती.

रविवारी मुलगी-जावई जेवायला आले. सासूने मायेने वाढलं. डावऱ्याने दोन घास खाल्ले आणि म्हणाला, ‘‘मामा, एक विचारू? माझं काय चुकतंय?’’

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तेच वाईट होतं. बॉल आणून द्यायचा तेव्हा जसा विचारायचा, पाय असा ठेवू का तसा, तसंच विचारत होता. त्या वेळी मामाने खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? चार शिव्या खाल्ल्या असत्या, मुलगी महिनाभर फुगून बसली असती, आणि मग सगळे मिळून हसले असते. पण मामाला खिडकी दिसत होती. थोडे दिवस, मग बंद.

‘‘लक्ष नाही तुझं,’’ तो म्हणाला. ‘‘मन राजधानीत आणि पाय इथे.’’

डावऱ्याने मान खाली घातली. मुलगी बापाकडे बघत राहिली. असं बोलणारा बाप तिला ओळखू आला नाही.

पुढच्या मॅचला मामाने एकदाच मारली, टोपीवाल्याला ऐकू जाईल अशी. त्यानंतरच्या मॅचला तर मारलीच नाही. उलट डावऱ्याचा एक पास बरा गेला तेव्हा त्याने चढती मारून पाहिली. ती कुठल्या कुठे बुडून गेली. कठड्याशी उभा असलेला एक अनोळखी माणूस मोठ्या कळवळ्याने त्याला म्हणाला, ‘‘तुम्ही जीव लावता हो, मामा. पण घरात काय चाललंय ते आम्हाला कळलंय.’’

‘‘काय कळलंय?’’

‘‘जाऊ दे. सासऱ्याने शिट्टी मारावी म्हणजे तसंच काही असणार ना!’’

हे मामाच्या डोक्यात आलंच नव्हतं. सोफ्याला नावं ठेवली तर लोक सोफा बघतात. माणसाला नावं ठेवली, तीही घरच्याने, तर लोक कारण शोधतात, आणि सापडलं नाही तर बनवतात. कुणी म्हणे, डावरा पितो. कुणी म्हणे, गुडघा कधीच गेलाय आणि डॉक्टरला गप्प बसवलंय. न्हाव्याकडे तर असं ठरलं होतं की तो बायकोवर हात उचलतो, म्हणून सासरा पेटलाय. मामाने दोघा-तिघांना झिडकारलं. ते समजूतदारपणे मान हलवायचे, की बिचारा, पोरीसाठी झाकतोय.

टोपीवाला त्या तिसऱ्या मॅचला आलाच नाही. मोठ्या क्लबाने मागणी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुकानात आनंदीआनंद. ड्रायव्हरने सगळ्यांना चहा पाजला. मास्तर म्हणाले की वाटाघाटी हा शेवटी धीराचा खेळ आहे. औषधवाला म्हणाला, आता छप्पर गळतंच राहणार, पण गळू दे. मामा कापड ताणत होता. आतून त्याला वाटत होतं, झालं एकदाचं, आता जावयाला जवळ बसवून सगळं सांगू.

तेवढ्यात मुलगी पोरीला न्यायला आली. डोळे सुजलेले. डावरा रात्रभर जागा होता, आणि तीही.

तिला बघून ड्रायव्हरला राहवलं नाही. तो मनाने वाईट नव्हता, जिभेला हाड नव्हतं एवढंच. ‘‘ये ये, पोरी! तोंड का पाडलंस? तुझ्या बापाचं डोकं म्हणजे डोकं! आज तू कुठच्या कुठे असतीस, राजधानीत कुणाची ओळख ना देख. अशी शिट्टी मारली पठ्ठ्याने, टोपीवाला टोपी सांभाळत पळाला!’’

‘‘म्हणजे? शिट्टी मुद्दाम मारली?’’ मुलीने विचारलं.

मास्तरांनी ड्रायव्हरच्या पायावर पाय दिला, पण बसच्या ब्रेकची सवय असलेला तो पाय, त्याला काय कळतंय? त्याने सगळं सांगितलं, सोफ्याच्या लाकडावर नख मारण्यापासून. सांगताना हसत होता.

मुलगी हसली नाही, रडली नाही. तिने झोपलेली पोर उचलून खांद्यावर घेतली. मग बापाला म्हणाली, ‘‘त्याने तुम्हाला विचारलं होतं, बाबा. माझ्यासमोर विचारलं होतं.’’

मामाचं तोंड खिळ्यांनी भरलेलं होतं. ते काढून बोलेपर्यंत ती गल्लीच्या तोंडाशी पोचली होती.

त्यापुढचं सगळं फार झटपट झालं. डावरा चिटणीसाकडे गेला आणि म्हणाला, मला इथे खेळायचं नाही, कुठेही पाठवा. चिटणीसही घाबरलेलाच होता. गुडघ्याच्या गोष्टी त्याच्याही कानावर होत्या, आणि मोठा क्लब पळाला म्हणजे त्यात तथ्य असणार, असा त्याने हिशेब केला. खिडकी बंद व्हायच्या दिवशी त्याने डावऱ्याला समुद्राकाठच्या एका लहान क्लबाला देऊन टाकलं. राजधानी निदान एका दिवसात जाऊन येण्यासारखी होती. हे गाव नकाशाच्या कडेला, रेल्वे बदलून बदलून जायचं.

‘‘मातीमोल विकला हो!’’ ड्रायव्हर दुकानात येऊन कपाळ बडवायला लागला. ‘‘असला खेळाडू! ह्या चिटणीसाला भाव कळतो का?’’

‘‘बाजारात उभं राहायची अक्कल लागते,’’ औषधवाला म्हणाला.

‘‘शेवटच्या तासाला चिटणीसाने हात टेकले,’’ मास्तर म्हणाले. ‘‘मी पहिल्यापासून सांगत होतो, घाम समोरच्याला फुटायला हवा.’’

मामा त्यांच्याकडे बघत राहिला. तिघांच्या तोंडावर खरं दुःख होतं आणि त्या दुःखात स्वतःचा जराही वाटा नव्हता. त्याने हातोडी खाली ठेवली. ‘‘उठा,’’ तो म्हणाला.

‘‘अं?’’

‘‘लोकांच्या खुर्च्या आहेत. उठा.’’

त्या दिवशी उठले. आठवड्याने परत येऊन बसले, कारण जायचं कुठे? आणि मामानेही बसू दिलं, कारण त्याच्याकडे तरी दुसरं कोण येणार होतं?

सामान भरायच्या दिवशी मामा मुलीच्या घरी गेला होता. डावरा खोक्यांना दोर बांधत होता. त्याने सासऱ्याला बसायला खोकं पुढे केलं, पाणी दिलं. मामाने सगळं सांगितलं, अडखळत, खाली बघत. लेक दूर जाऊ नये म्हणून केलं, हेही सांगितलं. डावऱ्याने पूर्ण ऐकून घेतलं.

‘‘मला माहीत आहे, मामा. हिने सांगितलं,’’ तो म्हणाला. ‘‘मी तर त्या टोपीवाल्याला विसरलो कधीच. पण मला ना, अजून बॉल पायात आला की कान टवकारले जातात. तिकडे जाईल ती सवय. तिकडे मला कुणी ओळखत नाही.’’

मग त्याने दोराची गाठ मारली आणि विचारलं, ‘‘हे जरा त्या बाजूने धरता?’’

मामाने धरलं. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही. नात मधे मधे नाचत होती, तिला खोक्यांची मजा वाटत होती. दोघांनी मिळून सगळी खोकी बांधली, आणि मामाने बांधलेल्या गाठी नेहमीसारख्याच पक्क्या होत्या.

आता मुलगी दर रविवारी फोन करते. आईशी बोलते. डावरा खेळतो म्हणे, बरा खेळतो, पण कुणी मोठा क्लब विचारत नाही. पोर शाळेत जायला लागली. तिकडे वारा फार असतो, कपडे लवकर वाळतात. मामा समोर बसून हे सगळं बायकोच्या तोंडाकडे बघून ऐकतो. बायको ‘‘हो का?’’ म्हणाली की तो भुवया उंचावतो, ती हसली की तोही हसतो, कशाला ते माहीत नसताना.

परवा त्याने हात पुढे केला. बायकोने फोन कानाशी धरूनच विचारलं, ‘‘हे बघ, बाबा बोलतो म्हणतायत. देऊ?’’ मग बराच वेळ ऐकत राहिली. मग हळूच फोन खाली ठेवला.

‘‘काय म्हणाली?’’

‘‘आज नको म्हणाली.’’

‘‘आज?’’

‘‘आज,’’ बायको म्हणाली आणि पदराने फोन पुसायला लागली.

तो ‘आज’ मुलीचा नव्हता. बायकोने आपल्या पदरचा घातला होता, आणि इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं मामालाही कळत होतं. तो म्हणाला, ‘‘बरं. पुढच्या रविवारी मी घरीच आहे,’’ जणू काही एरवी तो कुठे जात होता.